अग्रपूजेचा मान

युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञांत अग्रपूजा कोणाची करावी, हा प्रश्न निघाला तेव्हां भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सुचविलें आणि शिशुपाल खवळून उठला. त्याचा उद्धटपणा व त्याचा शेवट आपणां सर्वांस ठाऊक आहे; पण त्यानें घेतलेला आक्षेप सहसा कोणी आठवीत नाहीं. वयाला मान द्यावयाचा तर वसुदेव आहेत, आचार्याला द्यावयाचा तर द्रोण आहेत, ऋत्विजाला द्यावयाचा तर व्यास आहेत. मग कृष्णच कां? यांतील मत्सर वजा केला तरी प्रश्न शिल्लक राहतोच. माप बदललें कीं श्रेष्ठ पुरुष बदलतो. तर मग ‘सर्वांत श्रेष्ठ’ हा शब्द उच्चारणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते?

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें फुटबॉलच्या खेळांतील एका पारितोषिकाचें. हल्लीं घरोघरचीं मुलें रात्रीं जागून युरोपांतले सामने पाहतात, आणि त्यांच्या बोलण्यांत ‘बॅलन डी’ओर’ हें नांव वारंवार येतें. त्याचा अर्थ सोन्याचा चेंडू. वर्षांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूस मिळणाऱ्या या मानाचा इतिहास मीं कुतूहलानें पाहिला, आणि शिशुपालाचा प्रश्न मला त्यांत पदोपदीं भेटला.

‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकानें १९५६ सालीं ही प्रथा सुरू केली. निरनिराळ्या देशांतील क्रीडा-पत्रकारांनीं मतें द्यावयाचीं आणि गुणांची बेरीज करून नांव ठरवावयाचें, अशी रीत होती. पहिला मान इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूज यांस मिळाला. त्यांना ४७ गुण पडले. आल्फ्रेडो डि स्टेफानो यांना ४४. मॅथ्यूज तेव्हां ४१ वर्षांचे होते. उलट डि स्टेफानो यांच्या रेआल माद्रिद संघानें त्याच वर्षीं युरोपीय चषकाची पहिलीच स्पर्धा जिंकली होती. मग पत्रकारांनीं मोजलें काय? त्या वर्षाचा पराक्रम, कीं एका आयुष्याची तपश्चर्या? दोन्ही मापें आदरणीय आहेत. पण तीं एक नव्हेत.

मापाहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुंपण. प्रारंभीं हा मान केवळ युरोपीय नागरिकत्व असलेल्या खेळाडूंसाठींच होता. डि स्टेफानो मूळचे अर्जेंटिनाचे, पण त्यांनीं स्पेनचें नागरिकत्व घेतलें होतें. म्हणून १९५७ व १९५९ सालीं तो त्यांना मिळूं शकला. युसेबियो यांचा जन्म आफ्रिकेंतील मोझांबिकचा. परंतु तो मुलूख तेव्हां पोर्तुगालच्या अमलाखालीं असल्यामुळें १९६५ चा मान त्यांच्याकडे आला. आणि ज्या पेलेनें १९५८, १९६२ व १९७० असे तीन विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघांत स्थान मिळविलें, तो मात्र या यादींत नाहीं. मॅराडोना तर इटलींतील नेपल्सच्या संघाकडून, म्हणजे युरोपाच्या डोळ्यांदेखत खेळत होता. तरी तोहि नाहीं. १९९५ सालीं नियम सैल झाला आणि त्याच वर्षीं लायबेरियाच्या जॉर्ज वेआ यांची निवड झाली. २००७ पासून जगांतील कोणत्याहि संघाच्या खेळाडूस दार उघडलें. स्त्रियांसाठीं हा मान २०१८ सालीं निघाला व नॉर्वेच्या आडा हेगरबर्ग यांना प्रथम मिळाला. म्हणजे बासष्ट वर्षें ‘सर्वोत्कृष्ट’ या शब्दाच्या कक्षेंत अर्धी मानवजात नव्हतीच, आणि त्याचें कोणास फारसें नवलहि वाटलें नाहीं.

कुंपणाच्या आंतदेखील दृष्टि सर्वत्र सारखी फिरत नाहीं. एवढ्या दीर्घ यादींत गोलरक्षक एकच, सोव्हिएट रशियाचे लेव्ह याशिन, १९६३ सालचे. बहुतेक मान गोल करणाऱ्यांकडे किंवा तो घडवून आणणाऱ्यांकडे गेले. देवळाचा कळस दुरून दिसतो. पायाच्या दगडाकडे कोणाचें लक्ष जातें?

झालेली चूक मागाहून सुधारावी म्हटलें तर तेंहि सोपें नाहीं. या प्रथेस साठ वर्षें झालीं तेव्हां त्याच नियतकालिकानें जुना हिशेब पुन्हां मांडून पाहिला. नवा नियम पूर्वींपासून असता तर १९९४ पर्यंतच्या ३९ निवडींपैकीं १२ बदलल्या असत्या. पेलेला सात वेळां व मॅराडोनाला दोन वेळां हा मान मिळाला असता, असा निष्कर्ष निघाला. पण पेलेच्या त्या सात वर्षांत १९६३ सालहि येतें. म्हणजे ब्राझीलवरील अन्याय दूर करावा, तर एकुलत्या एका गोलरक्षकाचें नांव पुसावें लागतें! जुनी यादी तशीच ठेवण्यांत आली, तें योग्यच झालें. ज्यानें दिलेल्या नियमाप्रमाणें खेळून मान मिळविला, त्याच्याकडून तो काढून घेतल्यानें नियम करणाऱ्याचा दोष धुऊन निघत नाहीं.

कोणी म्हणतील, मग हीं पारितोषिकें बंदच करावींत. मला तसें वाटत नाहीं. गुणांचें कौतुक करण्याची ज्या समाजाची संवय मोडते, तेथें गुणहि फार दिवस टिकत नाहींत. निवड करावी लागणारच, आणि कोणतीहि निवड मर्यादित दृष्टीनेंच होणार. दोष मर्यादेंत नाहीं. ती मर्यादा झांकून निर्णय जगाच्या नांवें उच्चारण्यांत आहे.

हें मी परक्या देशांतील पत्रकारांना शिकविण्यासाठीं लिहीत नाहीं. दरवर्षीं स्नेहसंमेलनांत आम्ही प्राध्यापक मंडळीहि एक ‘आदर्श विद्यार्थी’ निवडतों. परीक्षेचे गुण, वक्तृत्व, नाटक, खेळ, सगळें तपासतों आणि कोणावर अन्याय झाला नाहीं अशा समाधानानें घरीं जातों. पण पहांटे दूध किंवा वर्तमानपत्रें घरोघर पोंचवून वर्गांत येणारा आणि तास संपतांच दुकानावर धांवणारा मुलगा आमच्या यादींत कधींच आला नाहीं. आम्हीं त्याला नाकारलें नाहीं. आम्हीं त्याला पाहिलेंच नाहीं. पेलेच्या बाबतींत निदान नियम तरी लिहिलेला होता. आमचा नियम अलिखित होता, आणि म्हणून आमचें समाधानहि अधिक गाढ होतें.

शिशुपालाचा प्रश्न ऐकून भीष्मांनीं मौन धरलें नाहीं, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्ञान आणि बल या दोहोंत कृष्णाहून अधिक कोणी नाहीं, म्हणून त्याची पूजा, असें कारण त्यांनीं भर सभेंत सांगितलें. तें पटो वा न पटो, माप सर्वांसमोर ठेवलें गेलें. वर्गांत असो, घरांत असो कीं क्रीडांगणावर असो, मान देणाऱ्यानें एवढें तरी करावें: आपण काय मोजलें आणि कोणाला पाहिलेंच नाहीं, तें सांगावें. त्यानें मान घेणाऱ्याची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. आणि पुढच्या वर्षीं आपली नजर थोडी दूर जाते.