फळ्यासमोर उभं राहण्याआधी

परदेशात शिकवायला गेलेल्या माणसाला पहिल्या तासाआधी जे चार-आठ दिवस मिळतात, ते झोप भरून काढण्यात, सामान लावण्यात आणि घरी फोन करण्यात निघून जातात. तास सुरू झाला की खरं काम सुरू, असं तोही समजतो आणि घरचेही. मला मात्र शिक्षकाच्या उभ्या आयुष्यात हेच दिवस फार मोलाचे वाटतात.

कोरियाचंच पाहू. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. मालावरच्या आयातशुल्काच्या लांबलचक याद्यांसोबत त्यात एक लहानशी तरतूद होती : पदवी आणि शिक्षकी पेशाचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करता येईल. मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या बी.एड. झालेल्या मुलीसाठी त्यामुळे एक दार किलकिलं झालं.

तिथलं शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणजे पोचायचं फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत. ही मुलगी मराठी, हिंदी, इंग्रजी वाचते, लोकलच्या डब्यातलं गुजराती तिला सहज कळतं. आणि इथे ती दुकानात दोन पांढऱ्या पिशव्यांसमोर उभी असते. मीठ कुठलं, साखर कुठली? कचरा टाकायला ठरावीक छापील पिशव्या विकत घ्याव्या लागतात, उष्टं-खरकटं वेगळं टाकावं लागतं. हे ठाऊक नसतं तोवर शेजारच्या आजी हातवारे करून काहीतरी सांगत राहतात. त्या रागावल्यात एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही. शाळेत दाराशी बूट काढून सपाता घालायच्या, हे ती दुसऱ्यांच्या पायांकडे बघून शिकते. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले की तीही हसते.

तिथली लिपी सुदैवाने लवकर हाती लागते. सेजोंग राजाने ती १४४३ साली सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. सामान्य रयतेला चिनी अक्षरांत आपलं म्हणणं मांडता येत नव्हतं, हीच त्यामागची तळमळ. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर करायचं, ही रीत बाराखडीवर वाढलेल्या माणसाला परकी वाटत नाही. थोड्याच दिवसांत स्टेशनांच्या पाट्या ती अक्षर-अक्षर लावत वाचू लागते. अर्थ अजून दूर असतो, पण आवाज जुळतो. पहिलं अक्षर लागल्याचा आनंद पाचव्या-सहाव्या वर्षी आपण सगळ्यांनी घेतलेला असतो आणि विसरूनही गेलेलो असतो. तिला तो जाणत्या वयात पुन्हा मिळतो.

या दिवसांत तिची बुद्धी तसूभरही कमी झालेली नसते. कालपर्यंत मैत्रिणींत हजरजबाबी म्हणून ओळखली जाणारी ती आज गप्प आहे, बावरलेली आहे, पाहणाऱ्याला कदाचित मंद वाटते आहे. कमी पडते आहे ती फक्त भाषा.

भाषेवाचून अशीच गत आपल्या शाळांतल्या मुलांचीही होते, आणि ती आतून कळते म्हणूनच शिक्षकाला हे दिवस मोलाचे. कोरियाचा करार लागू झाला त्याच २०१० साली, १ एप्रिलला, आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आल्या. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरून उतरून इंग्रजी शाळेत येणारं सहा वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणा. घरी ते लहान भावंडाला सांभाळतं, दुकानातून सुटे पैसे मोजून आणतं. वर्गात मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाथरूमला जायचं आहे, पण ते इंग्रजीतच विचारायचं असतं आणि ते वाक्य त्याला येत नाही. मग चड्डी ओली होते, वर्ग हसतो आणि बाईंच्या डायरीत शेरा पडतो : लक्ष नाही, प्रतिसाद नाही. आपल्या उपनगरांत हे पुष्कळ मुलांच्या वाट्याला येतं आणि त्यातली कितीतरी पुढे जन्मभर स्वतःला 'ढ' समजत राहतात.

जाणत्या वयात भाषेवाचून अडलेल्या शिक्षकाचं जुनं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या कोलकात्यात त्यांना मिळून पाच वर्षं झाली होती, पण इंग्रजी शिकायला नुकती कुठे सुरुवात होती आणि ऐकूही कमी येत होतं. वाँटेजच्या मठात त्या जोगिणींकडून इंग्रजी शिकल्या आणि जोगिणींना मराठी शिकवत राहिल्या. त्यानंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. पुढे अमेरिकेत त्यांनी बालवाडीची पद्धत अभ्यासली, मराठी वाचनपुस्तकं तयार करायला घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. वस्तू हाताळत, खेळत शिकवणारी पद्धत त्यांना भावली, यामागे इंग्लंडमधला तो सुरुवातीचा अबोल काळ असावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कोरियाला निघालेल्या मुलीला माझं सांगणं आहे : हे दिवस लवकर संपावेत म्हणून घाई करू नकोस. कुणी थांबून ऐकलं तेव्हा काय वाटलं, कुणी उगाच आवाज चढवला तेव्हा काय वाटलं, ते रोज लिहून ठेव. आणि जे इथेच, याच शहरात शिकवतात त्यांनी परदेशी जायची वाट पाहू नये. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी आधी मुलांच्या गरजेची वाक्यं शिकवावीत : पाणी हवं आहे, बाथरूमला जायचं आहे, मला कळलं नाही. उत्तर मुलाच्या घरच्या भाषेत आलं तरी ते उत्तरच धरावं. जे मूल बोलत नाही त्याला काही येत नाही, हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कुठल्याच शिक्षकाला नाही.