दोन भाषांचं मूल

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरात अडीच-तीन वर्षांचं पोर ‘आजी, चिडिया उडाली’ म्हणालं, की आजीला कौतुक वाटतं आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, ‘दोन भाषांनी त्याचा गोंधळ उडतोय. आता हिंदीच बोला त्याच्याशी.’ नर्मदाकाठचा हा मुलूख १७९८ साली नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८७० साली मुंबई-कलकत्ता रेल्वे इथे जोडली गेली. अशा वाटांनी आलेल्या मराठी माणसांचा, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी हा इथला पिढ्यांचा रिवाज. गोंधळाच्या या काळजीला मात्र एकेकाळी विज्ञानानेच बळ दिलं.

१९१३ साली रोंझा या फ्रेंच भाषातज्ज्ञाने आपल्या मुलाची नोंदवही प्रसिद्ध केली. बाप फ्रेंच बोले, आई जर्मन. मुलाला दोन्ही भाषा विनासायास आल्या. पण ही एकाच मुलाची गोष्ट होती. १९२३ साली सेअर यांनी वेल्समधली सुमारे १,४०० मुलं तपासली. खेड्यांतली द्विभाषक मुलं बुद्धिमापनात मागे दिसली आणि दोष भाषेवर आला. शहरी मुलांत तसा फरक नव्हता, तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. डोकं म्हणजे ठरावीक मापाचं मडकं, दुसरी भाषा ओतली की पहिली सांडणार, अशी ती समजूत होती.

१९६२ साली पील आणि लॅम्बर्ट यांनी तुलनेची पद्धतच बदलली. माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं निवडताना त्यांनी घरची आर्थिक स्थिती सारखी आहे ना, हे पाहिलं. तेव्हा द्विभाषक मुलं पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध मुलांचा अभ्यास केला. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं, कुई विसरून फक्त ओडिया बोलणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. गरीब आदिवासी समाजातला हा निष्कर्ष असल्यामुळे त्याचं वजन जास्त. पुढे उत्साह उतू गेला आणि दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, अशी जाहिरात सुरू झाली. गेल्या दशकातल्या अनेक मोठ्या चाचण्यांत तो फायदा सापडला नाही. तेव्हा आज एवढंच म्हणता येतं: दोन भाषांनी बुद्धीचं नुकसान होत नाही, जादा बुद्धीची हमी मात्र कुणी देऊ नये.

मग भाषांच्या सरमिसळीचं काय? चिमुकल्यांच्या डोक्यात आधी दोन भाषांची एकच खिचडी असते, असं १९७८ साली मांडलं गेलं होतं. १९८९ साली जेनेसी यांनी ते खोडून काढलं: समोर कोण आहे हे पाहून मूल भाषा निवडतं. मायामीतल्या १९९३च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. फक्त एका भाषेतले शब्द मोजले तर द्विभाषक बाळ मागे वाटतं. दोन्हींतले मिळून मोजले तर नाही. दीक्षितपुऱ्यातल्या पोराचं नाम हिंदी असलं, तरी क्रियापद मराठी आहे आणि लिंगही बरोबर जुळलं आहे. याला गोंधळ कसं म्हणायचं?

खरा धोका आहे तो मराठीला. बेल्जियममध्ये द हौवर यांनी १,८९९ कुटुंबांची पाहणी केली. बाहेरची भाषा सगळ्या मुलांना आली. घरची दुसरी भाषा सुमारे पाव कुटुंबांत मुलांच्या तोंडी आलीच नाही. जबलपुरात हिंदी गल्ली शिकवील, शाळा शिकवील. मराठी मात्र घरानेच द्यायची, आणि ‘जेव’, ‘झोप’, ‘चल’ एवढ्यावर ती येत नाही. मराठी कार्टून लावूनही भागत नाही: पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात अमेरिकन बाळांनी चिनी ध्वनी समोरच्या माणसाकडून उचलले, पडद्यावरून नाही.

बोलणं दोन्ही भाषांत उशिरा येत असेल तर कान तपासा, तज्ज्ञांना दाखवा. एक भाषा काढून घेणं हा त्यावर इलाज नव्हे. आजी-आजोबांनी नातवंडांशी मराठीतच बोलावं, गोष्टी सांगाव्यात, प्रश्न विचारावेत आणि उत्तर मराठीत येईपर्यंत थोडा धीर धरावा.