अर्धे वाक्य

आजारी माणसाला धीर देण्यासाठी सत्यातला थोडा भाग गाळून सांगितला, तर ते खोटे बोलणे होते काय? या प्रश्नाकडे आम्ही कधी फारसे गंभीरपणे पाहिले नव्हते. बुजुर्गांना उमेद द्यावी, त्यांचे मन मोडू नये, एवढेच घरात लहानपणापासून शिकलेलो. 2025 च्या उन्हाळ्यात मात्र हा प्रश्न आमच्याच दारात येऊन बसला.

आम्ही घुग्घुसला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हे गाव कोळशाचे, सिमेंटचे आणि लोखंडाचे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे आले होते. आम्हाला त्याचे नवल वाटले नाही. सकाळी अंगणातल्या बाजेवर बोट फिरवले की बोट काळे होते. अब्बांची सारी उमर खाणीत गेली. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण खोकला गेला नाही. "कोयले की खाँसी है, जाएगी नहीं," असे म्हणून ते विषय संपवीत.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाचनात एक बातमी आली. म्युनिकच्या संशोधकांनी माणसाच्या रक्तद्रवावर अवरक्त लेसरचे अत्यंत सूक्ष्म कालावधीचे झोत सोडले. त्या झोतांनी रक्तातले रेणू क्षणभर थरथरतात आणि स्वतः मंद प्रकाश सोडतात. प्रत्येक रक्ताची ही थरथर वेगळी, बोटाच्या ठशासारखी. संगणकाला असे हजारो ठसे दाखवून निरोगी आणि आजारी रक्तातला फरक शिकवला गेला. या कामामागे फेरेन्स क्राउस हे शास्त्रज्ञ आहेत. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग, इतक्या कालमापातले प्रकाशझोत निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी 2023 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना पिएर अगोस्तिनी आणि ॲन लुलिए यांच्यासोबत मिळाले होते.

आम्ही हरखून गेलो. संध्याकाळी अब्बांना म्हणालो, "अब्बा, अब खून की एक बूंद से फेफड़े की बीमारी पकड़ी जाएगी." हे अर्धे वाक्य होते. उरलेले अर्धे आम्ही वाचले होते, पण सांगितले नाही. ते असे, की ही चाचणी कर्करोगासाठी होती. ती सुमारे अडीच हजार लोकांच्या नमुन्यांवर झाली होती. फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत अचूकता 81 टक्क्यांपर्यंत गेली, इतर कर्करोगांत ती कमी होती. दवाखान्यात येण्याआधी अशा आणखी पुष्कळ चाचण्या व्हायच्या होत्या. वर्गात 81 गुण मिळवणाऱ्या मुलाची आम्ही पाठ थोपटतो. आजार ओळखताना उरलेले 19 गुण कुणाच्या तरी जिवाचे असतात, हे त्या संध्याकाळी आम्हाला सुचले नाही.

तेव्हा अब्बांना क्ष-किरण तपासणीसाठी चंद्रपूरला न्यायचे ठरत होते. अब्बांनी ते पुढे ढकलले. ऊन फार आहे, मग पाऊस फार आहे, आणि शेवटी खरे कारण बाहेर आले: "वो एक बूंदवाली मशीन आने दो." चार महिने ते त्या यंत्राची वाट पाहत राहिले. आम्ही हसून विषय टाळत राहिलो. त्यांची उमेद मोडायला आमचे मन धजले नाही.

अखेर थुंकीतून रक्त पडले, तेव्हा त्यांना नेले. फुफ्फुसात कोळशाची जुनी धूळ होती. ती आता निघणार नव्हती. पण सोबत क्षयही होता, आणि तो बरा होणारा होता. चार महिने आधी कळला असता तर तो इतका पसरला नसता. शिवाय त्या चार महिन्यांत घरातला सहा वर्षांचा नातू रोज त्यांच्या कुशीत झोपत होता. त्याची तपासणी करून घेतली, त्याचा निकाल येईपर्यंतच्या रात्री आम्ही कशा काढल्या ते सांगवत नाही. मूल सुखरूप निघाले, हा अल्लाहचा फजल. त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवले. क्ष-किरण राँटगेन यांना 1895 मध्ये गवसले. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधही फुकट मिळते. अब्बांना गरज होती ती सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रकाशाची. तो पंचवीसेक किलोमीटरवर उपलब्ध होता. आम्ही त्यांना म्युनिकच्या प्रकाशाची वाट पाहायला बसवले.

यात दोष संशोधनाचा नाही. प्रयोगशाळेतून दवाखान्यात यायला प्रकाशाला वेळ लागतोच. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. कोळसा जळताना जो वायू आमच्या चिमण्यांतून बाहेर पडतो, तोच नळीत भरून त्यांनी असा प्रकाशझोत मिळवला की तो पोलाद कापतो आणि शल्यवैद्याच्या हाती फार रक्त न सांडता मांसही कापतो. ही उपयुक्तता पहिल्या दिवशी सिद्ध झालेली नव्हती, पुढे अनेकांनी ती एकेक पायरीने सिद्ध केली. 1985 मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी लेसरचे झोत प्रचंड तीव्र करण्याची युक्ती शोधली. 1993 मध्ये मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा झोत गेला. इजा इतकी नेटकी होती की तपासणारा डॉक्टर चकित झाला, आणि त्यातून पात्याविना डोळ्याची शस्त्रक्रिया करण्याची वाट निघाली. ती लोकांपर्यंत यायला आणखी काही वर्षे लागली. मूरू आणि स्ट्रिकलंड यांना नोबेल मिळाले 2018 मध्ये. ही सारी वर्षे बातमीच्या मथळ्यात मावत नाहीत.

मथळ्यात मावतो तो फक्त शब्द. आज रस्त्यारस्त्यावर 'लेसर उपचार' असे फलक दिसतात. लोक तो शब्द वाचूनच निम्मे बरे होतात. पूर्वी आमच्या मोहल्ल्यात दंडावर तावीज बांधत. आम्ही शिकलेली माणसे त्याला हसलो. पण कशाने, कोणता आजार, किती खात्रीने, हे न विचारता 'लेसर' या शब्दावर विश्वास टाकणे हेही तावीज बांधणेच आहे. फरक इतकाच, की तो तावीज आम्ही स्वतःच्या हाताने अब्बांच्या दंडावर बांधला होता.

आम्हाला अधिक शरम वाटते ती आणखी एका गोष्टीची. दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आम्ही मुलांना इब्न अल-हैसमविषयी सांगतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या या माणसाने प्रकाशावर 'किताब अल-मनाझिर' लिहिले, डोळ्यातून किरण निघत नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो हे दाखवले, असे आम्ही अभिमानाने सांगतो. 'आमचा' हैसम म्हणतो. पण त्याची शिकवण केवळ प्रकाशाची नव्हती. थोरांनी लिहिले म्हणून मानू नका, तपासा, आणि तपासताना स्वतःवरही संशय घ्या, असे तो सांगत असे. वारसा सांगायला आम्ही पुढे, आणि त्याची रीत पाळायची वेळ आली तेव्हा मागे.

मग उमेद द्यायचीच नाही काय? आमचे एक सहकारी म्हणाले, "पूर्ण सत्य सांगून म्हाताऱ्याला मारायचे होते का?" हा मुद्दा हलका नाही. उमेदीशिवाय माणूस औषधही घेत नाही. पण खरी उमेद पूर्ण वाक्यातही होती. 'नवी चाचणी येते आहे, पण तिला वेळ आहे आणि ती वेगळ्या आजाराची आहे. तुमची तपासणी उद्या होऊ शकते, चला.' एवढे सांगितले असते तर अब्बा उठून बसले असते. आम्ही गाळलेले अर्धे वाक्य त्यांच्या भल्यासाठी गाळले नव्हते. आनंदाची बातमी आणणारे आपण, हे आम्हाला आवडले होते. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की होय, ते खोटे होते, आणि ते आमच्या सुखासाठी होते. इल्म ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत पोचवायची तर पूर्ण पोचवावी लागते.

आता वर्गात शोधाची बातमी आली की मुले तीन प्रश्न विचारतात: कोणत्या आजारासाठी? किती माणसांवर? अजून काय बाकी आहे? एकदा एका मुलीने चौथा विचारला: तोवर काय करायचे? तो आम्ही फळ्यावर पहिला लिहायला लावला.

अब्बांचे सहा महिन्यांचे औषध पुरे झाले. धाप आहे, ती राहणार. परवा आम्ही पेपर वाचून दाखवत होतो आणि एके ठिकाणी थांबलो. अब्बांनी चष्म्यावरून पाहिले. म्हणाले, "आगे क्या लिखा है, वो भी पढ़."

आम्ही पुढचे वाचले.