बशीतले पुण्य

व्यालेल्या मांजरीला खाऊ घालणे हे कृत्य वरवर पाहता इतके निरपवाद सत्कृत्याचे वाटते की, त्यावर चिंतन करावयास बसलेल्या इसमाकडे रिकामा वेळ फार असावा, असा वाचकांचा समज झाला तर त्यांना दोष देता येणार नाही. तथापि गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या जिन्याखाली, किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अडगळीत मांजरी व्याली, की पुढील दोन-चार दिवसांत जे काही घडते, ते नीट निरखून पाहिल्यास आपल्या दयाबुद्धीचा स्वभाव बराचसा उघडा पडतो, असे माझे मत आहे.

घराघरांतून बशा बाहेर येतात. बशीत दूध असते. फार झाले तर दूधभात, आणि सकाळची पोळी उरली असेल तर तिचा कुस्करा. ‘बाळंतीण आहे हो बिचारी,’ असे म्हणत बशी खाली ठेवणाऱ्या माउलीचा भाव शंभर नंबरी असतो, यात संशय नाही. मांजरीकडे पाहावे तर पाठीचा कणा मण्यांच्या ओळीसारखा वर आलेला, पोटाखालचे केस पिलांच्या लाळेने चिकटून गेलेले, आणि खाताना कान सतत मागे वळलेले. जिन्यावर पाऊल वाजले की तोंडातला घास तसाच टाकून ती पिलांकडे धाव घेते. चार घास तिला सलग मिळत नाहीत.

आता या जिवाला दूध द्यावे ही कल्पना आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिची तपासणी करावी असे कुणाच्या मनात येत नाही. वस्तुतः वयात आलेल्या बहुतेक मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर धड पचत नाही. ढाळ लागते, अंगातले पाणी निघून जाते, आणि ज्या दुधासाठी एवढा खटाटोप करावयाचा ते तिचे स्वतःचे दूधच त्यामुळे आटू लागते. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचे जन्मलेले पिल्लू पंधरवड्याच्या आत दुप्पट होते. ते ज्या दुधावर वाढते त्यात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात, आणि ती सारी आईच्या अंगातूनच यावी लागतात. पिले तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा तिची अन्नाची गरज नेहमीच्या दुप्पट-तिप्पट झालेली असते. या मुदतीत तिला दिवसातून तीन-चार वेळा पोटभर अन्न आणि शेजारी स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे. आणि ते अन्न मांसाहारीच असले पाहिजे, कारण मांजर हा निसर्गाने केवळ मांसावर पोसलेला प्राणी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य मांसात आणि माशांत असते ते मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही, आणि त्याच्या अभावी त्याच्या डोळ्यांतला पडदा झिजून दृष्टी जाते, हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. कोळणींच्या दारची मांजरे मात्र ते सिद्ध होण्याची वाट पाहत थांबली नव्हती.

येथे खरा नैतिक पेच उभा राहतो, आणि तो आपल्यातल्या शाकाहारी गृहस्थांचा आहे. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या मासळी शिरली नाही, त्याने एका जिवाच्या रक्षणासाठी दुसऱ्या जिवांची हत्या विकत घ्यावी काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. अहिंसेचे व्रत ज्याने मनापासून पाळले आहे त्याची घालमेल खरी असते. परंतु व्रत घेतले ते त्याने, मांजरीने नव्हे. त्याने आपले व्रत तिच्या बशीत वाढले, की त्याचे पावित्र्य अबाधित राहते आणि त्याची किंमत तिची हाडे भरतात. कारण अन्नातून जो चुना मिळत नाही तो दुधासाठी तिच्या हाडांतूनच उपसला जातो, आणि तो फारच कमी पडला तर अंगात झटके येऊन आईच दगावण्याचा संभव असतो. आपल्या सोवळ्याचा खर्च दुसऱ्याच्या देहावर टाकण्याचा अधिकार आपणास कोणत्या शास्त्राने दिला? सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहावे, असे गीतेने सांगितले आहे. देणाऱ्याची रुची पाहावी असे सांगितल्याचे मला आठवत नाही.

ज्याला हे जमत नाही त्याने बाजूला व्हावे, आणि खालच्या मजल्यावरच्या मासे खाणाऱ्या बिऱ्हाडाला तो मान द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. तेथे रोज मांदेलीची डोकी आणि कोंबडीची काळिजे निघतात. ती बिनमिठाची, कांदा-लसूण न घालता उकडावी, शिजलेले काटे आणि हाडे काढून टाकावीत, आणि उकडलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिनचा बराच भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. कांदा-लसूण मांजराला विषवत आहे, म्हणून कालवणातले उरलेले तुकडे तिला घालण्याची वहिवाट बंद करावी. उकडलेले अंडे हा मधला मार्ग अनेकांना मानवतो. काही सोवळी घरे दुकानातून मांजरांच्या खाद्याची पाकिटे आणतात आणि समाधानाने वाढतात; त्या गोळ्यांतही मासळी किंवा कोंबडीच असते, फक्त ती ओळखू येत नाही. मला या युक्तीचे हसू येते, पण मांजरीचे पोट भरते, तेव्हा तक्रार नाही.

रामानुजांच्या संप्रदायात पुढे जे दोन पंथ झाले त्यांतील एकाने मांजरीच्या तोंडात निश्चिंत लोंबकळणाऱ्या पिलाला शरणागतीचा दृष्टांत मानले, आणि मार्जारन्याय म्हणून तो सर्वत्र प्रसिद्ध झाला. शेकडो वर्षे विद्वानांनी त्या पिलाच्या विश्वासाचे गोडवे गायिले. त्या मांजरीने सकाळपासून काय खाल्ले आहे, अशी पृच्छा कोणी केल्याचे दिसत नाही. आम्हीही तेच करतो. पिले पाहण्यास साऱ्या चाळीतली मुले जमतात, वडीलधारी माणसे त्यांना उचलून दाखवितात, आणि त्या गलक्याने भेदरलेली मांजरी रात्रीतून पिले हलविते. मग ‘मांजर पिलांना सात घरे दाखविते’ असे म्हणून आपण मोकळे. त्या सातांपैकी निदान चार घरे आपल्या कौतुकामुळे तिच्या वाट्यास येतात.

घटनेच्या एक्कावन्न-अ कलमात प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने नोंदले गेले. कर्तव्य म्हटले की ते बशीपाशी संपत नाही. पिले महिन्याची झाली की हळूहळू खाऊ लागतात, दोन महिन्यांच्या सुमारास अंगावरून तुटतात. आणि पुष्कळदा त्याच्या आधीच आई पुन्हा माजावर येऊन नऊ आठवड्यांत नवे वेत जिन्याखाली हजर होते. म्हणजे आपण आज जी भूक भागवितो, तीच चौपट करून पुढच्या ऋतूसाठी शिलकीत टाकतो. यास उपाय एकच: पिले तुटली, दूध आटले, की तिला पशुवैद्याकडे नेऊन शस्त्रक्रिया करवून घेणे. दूध देणारे हात पुष्कळ असतात. मांजरीला पिशवीत घालून, तिचे ओरखडे सोसून टॅक्सीत बसणारा हात शोधावा लागतो, आणि खर्चाचा विषय निघाला की चाळीत एकाएकी सामसूम होते.

तरी वर्गणी काढावी, असे माझे म्हणणे आहे. गणपतीला काढतो, सत्यनारायणाला काढतो, तशीच हीही काढावी. आणि ती मागावयास प्रथम त्याच गृहस्थांच्या दारी जावे, ज्यांनी मांजरांच्या उपद्रवाविषयी कमिटीकडे लेखी अर्ज दिला आहे. साऱ्या इमारतीत या शस्त्रक्रियेची निकड त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही.