संशय कोणाकोणावर घ्यावा?

निर्दोष माणसावर संशय घेणं पाप आहे का, हा प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांनी सोडवायचा. मी साधा बी.कॉम. पण माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो आणि त्याने १९६९ सालची एक कॉर्व्हेट विकत घेतली आहे. तेव्हा या प्रश्नात डोकं घालणं मला भाग पडलं.

कॉर्व्हेट म्हणजे दोघांपुरती जागा आणि वरातीला पुरेल एवढं इंजिन. पुढचे दिवे नाकाडात लपलेले. बटण ओढलं की झोपेतून डोळे उघडावेत तसे वर येतात. आणि येतात ते विजेवर नव्हे, चक्क पोकळीवर! इंजिन हवा ओढतं, थ्रॉटलची झडप ती अडवते, आणि मधे जी ओढ तयार होते ती रबरी नळ्यांनी घरोघर पोचवलेली. दिवे, वायपरवरचं झाकण, ब्रेकचा मदतनीस, सगळ्यांचा संसार नसलेल्या हवेवर. आमच्याकडे निम्मे संसार नसलेल्या पैशावर चालतात, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

भाच्याच्या गाडीचा एक दिवा पूर्ण उघडे आणि दुसरा अर्धवट. भर रस्त्यात डोळा मारत जाणारी गाडी! शिवाय जागेवर उभी असताना इंजिन हिवताप आल्यासारखं थरथरायचं. शेजारी म्हणाला, कार्ब्युरेटर बदला. दुसरा म्हणाला, इंजिनच खोला. जो थरथरतो तोच गुन्हेगार, हा न्याय सर्व देशांत सारखाच लोकप्रिय दिसतो.

भाच्याने व्हॅक्यूम गेज लावला. धडधाकट इंजिन जागेवर चालताना साधारण १८ ते २० इंच पारा दाखवतं. इथे काटा १४ वर लोंबकळत होता. मग त्याने एकेक नळी चिमटीत धरली. ब्रेकची दाबली, काटा ढिम्म. सोडा तिला. डिस्ट्रिब्यूटरची दाबली, तेच. दिव्यांकडे जाणारी दाबली आणि काटा टुणकन १९ वर! डावा दिवा उचलणाऱ्या डबीतला रबरी पडदा फाटला होता. तिथून फुकटची हवा आत शिरून पेट्रोलचा हिशेब बिघडवत होती आणि बदनाम होत होतं इंजिन.

एकाही नळीला राग आला नाही, कारण संशय सगळ्यांवर सारखा होता. पण नळीला खिसे नसतात.

आमच्या शाखेत एकदा कॅश ५०० रुपयांनी कमी आली. कोणी काही बोललं नाही, नजरा मात्र तीन आठवड्यांपूर्वी लागलेल्या हंगामी शिपायाकडे वळल्या. त्या पोराने न सांगताच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. बसचं एक तिकीट खाली पडलं.

हेडकॅशियर म्हणाले, "खिसे आत घाल रे. इथे समोर बस आणि बघ. आधी माझा ड्रॉवर, मग सगळ्यांचे. साहेबांचासुद्धा."

साहेबांना ते फारसं रुचलं नाही, पण ड्रॉवर उघडला. सव्वाआठला शंभराच्या एका पुडक्यात १०५ नोटा निघाल्या. कागदी पट्टीवर सही कोणाची ते हेडकॅशियरनी वाचलं, पट्टी चुरगाळून खिशात टाकली आणि म्हणाले, "आता चहा पाहिजे."

चहा आणायला सांगायचं कोणाला? कोणीच तोंड उघडेना. पोरगा उठायला लागला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खाली बसवलं आणि किटली घेऊन स्वतःच जिना उतरले.