आधीच केलेल्या कामाचं भाडं

युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेला दिवाळी अंक ज्यानं कधी नव्या संगणकावर उघडून पाहिला आहे, त्याला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. पानं जागेवर असतात, मजकूरही असतो, फक्त ‘श’च्या जागी भलतंच चिन्ह आणि रफाराच्या जागी स्वल्पविराम बसलेला असतो. कन्व्हर्टर लावला की बराचसा मजकूर माणसात येतो. उरलेल्यासाठी मुद्रितशोधक पुन्हा पहिल्या पानापासून बसतो. लेख आपले होते, कागद आपला होता, अक्षरं मात्र भाड्याची होती, हे तेव्हा कळतं.

जगभरच्या छोट्या गेम डेव्हलपरांना हे १२ सप्टेंबर २०२३ या एका दिवसात कळलं. युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीनं जाहीर केलं, की १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक पल्ला ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे द्यावे लागतील. सर्वांत खालच्या प्लॅनसाठी हा पल्ला वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल असा होता. त्यापुढे श्रीमंत देशांतल्या इन्स्टॉलला २० सेंट, भारतासारख्या देशांतल्या इन्स्टॉलला २ सेंट. आता एखादा गेम फुकट दिला जातो आणि त्यातल्या जाहिरातींवर वर्षाला २ लाख डॉलर मिळतात असं धरा. अमेरिकेत वर्षभरात १० लाख जणांनी तो उतरवला, तर पहिले २ लाख सोडून उरलेल्या ८ लाखांचे १,६०,००० डॉलर कंपनीचे. वरच्या प्लॅनचं लायसन घेतलं की पल्ला लांबत होता, हे खरं. पण गेम लोकांना आवडला याची धास्ती वाटावी, असा हा हिशेब होता. चोरीच्या प्रतीचं काय, एकाच माणसानं दोन यंत्रांवर गेम टाकला तर काय, धर्मादाय संस्थेसाठी वाटलेल्या प्रतींचं काय, हे प्रश्न लोकांनी विचारले आणि उत्तरं दर दोन दिवसांनी बदलत गेली.

तरी माझ्या मते दुखणं दराचं नव्हतं. हा नियम आधीच बनवून बाजारात आणलेल्या गेमनाही लागू होणार होता. शिंप्यानं शिवून विकलेल्या सदऱ्याची घडी गिऱ्हाइकानं आज मोडली, म्हणून शिलाई मशीनच्या कंपनीनं शिंप्याच्या दारात वसुलीला उभं राहावं, तसा हा प्रकार. मशीन घेताना हे कागदावर कुठंच नव्हतं. उलट २०१९ च्या जानेवारीत इम्प्रॉबेबल या ब्रिटिश कंपनीशी अटींवरून वाद झाला, तेव्हा युनिटीनं लिहूनच दिलं होतं: तुम्ही इंजिनची जी आवृत्ती वापरता, तिच्या अटींवर तुम्हाला राहता येईल. अटींत केव्हा काय बदललं हे कुणालाही पाहता यावं म्हणून गिटहबवर त्यांची जाहीर नोंदही ठेवली होती. ही नोंद मधल्या काळात गुपचूप काढली गेली. २०२३ मध्ये लोकांच्या ते ध्यानात आलं, तेव्हा कंपनीचं उत्तर होतं, की ती फारसं कुणी पाहत नव्हतं. करार कपाटात पडून असतो तोवर कुणीच पाहत नाही; पाहायची वेळ येते तेव्हाच तो जागेवर असावा लागतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दहा दिवसांत बरीचशी माघार, ९ ऑक्टोबरला मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रिचिटेलो पायउतार, आणि बरोबर वर्षानं, १२ सप्टेंबर २०२४ ला, ही फी पूर्ण रद्द. मला मोलाची वाटते ती त्याच दिवसाची दुसरी घोषणा. प्रो प्लॅनच्या वर्गणीत ८ टक्के वाढ झाली, ती माणशी वर्षाला २,२०० डॉलरवर गेली. मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये २५ टक्के वाढ झाली. या खेपेला कुणी मोर्चा काढला नाही. भाववाढ समजते, ती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात बसवता येते. अनरिअल इंजिन तर एका गेमच्या एकूण १० लाख डॉलरपुढच्या उत्पन्नातून ५ टक्के घेतं आणि लोक ते देतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेला ‘राजी’ त्याच इंजिनवर बनला आहे. उत्पन्नातला वाटा उत्पन्नाबरोबर वर-खाली होतो. केलेल्या कामाला मागाहून लावलेला नियम कशाबरोबरच हलत नाही.

मग युनिटी सोडायचं का? बाहेरून बघणाऱ्याला ते सोपं वाटतं, कारण चित्रं, आवाज, त्रिमितीय मॉडेल हे सगळं एका इंजिनमधून दुसऱ्यात बऱ्यापैकी नेता येतं. अडतं ते उडीपाशी. द्विमितीय गेममध्ये नायक उडी मारतो, एवढीच गोष्ट घ्या. युनिटीत वर म्हणजे अधिक. गोडो या खुल्या इंजिनमध्ये पडद्याची वरची कड शून्य आणि अंक खाली वाढत जातात, त्यामुळे वर म्हणजे उणे. तिथल्या तयार नमुन्यातल्या उडीचा वेगच उणे ४०० असा लिहिलेला असतो. युनिटीचं माप त्याच्या स्वतःच्या एककात, एरवी शंभर पिक्सेलला एक. गोडोचं थेट पिक्सेलमध्ये. चिन्ह बदलणं, शंभरानं गुणणं हे दुपारभराचं काम आहे. पण कड्यावरून पाय सुटल्यावर किती क्षण उडी मान्य करायची, शिखरावर गुरुत्वाकर्षण किती सैल सोडायचं, उतरताना किती ओढायचं, हे आकडे कुणीतरी महिनोन् महिने खेळून, चुकून, पुन्हा खेळून ठरवलेले असतात. ते दुसऱ्या इंजिनच्या पदार्थविज्ञानात जसेच्या तसे टाकले तर उडी लागते, पण ती आपली नसते. शेडर, म्हणजे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, नव्यानं लिहावे लागतात, विकत घेतलेली साधनं मागं राहतात, आणि कुठलं बटण कुठं आहे हे बोटांना ठाऊक असण्याची जी सवय, तिची किंमत कुठल्याच पावतीवर नसते.

म्हणून कोण गेलं आणि कोण थांबलं, हे पाहण्यासारखं आहे. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा खेळ बनवणाऱ्या मेगा क्रिटनं दोन वर्षांहून जास्त काम युनिटीत झालेलं असताना सोडायची तयारी जाहीर केली, आणि ‘स्ले द स्पायर २’ गोडोमध्ये बनवला. टीम चेरी ही ऑस्ट्रेलियातली छोटी मंडळी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिल्कसाँग’वर युनिटीतच काम करत राहिली आणि ४ सप्टेंबर २०२५ ला तो बाहेर आला. मला यात एक शूर आणि एक भित्रा दिसत नाही. पत्त्यांच्या खेळाला उडी नसते. ‘सिल्कसाँग’मध्ये उडीशिवाय पाऊल पुढं पडत नाही.

‘टेरारिया’च्या री-लॉजिकनं तर युनिटीशी फारसा संबंध नसताना गोडोला आणि एफएनएला प्रत्येकी १ लाख डॉलर दिले, वर दोघांना महिना हजार डॉलर. एफएनए म्हणजे मायक्रोसॉफ्टनं वाऱ्यावर सोडलेल्या एक्सएनए या साधनाचा लोकांनी नव्यानं लिहिलेला अवतार, आणि ‘टेरारिया’ मुळात एक्सएनएवरच बनलेला. हात पोळलेल्या माणसानं सांडशीला दिलेले पैसे आहेत ते.

गोडोकडे गेलं की सुटलो, असं मात्र नाही. अर्जेंटिनात जन्मलेलं हे इंजिन २०१४ पासून एमआयटी परवान्यावर सगळ्यांना खुलं आहे. पण कन्सोल कंपन्यांची साधनं गुप्ततेच्या कराराखाली मिळतात, ती खुल्या इंजिनमध्ये घालता येत नाहीत. तिथं गेम न्यायचा तर बहुतेकदा पुन्हा कुणाला तरी पैसे मोजावे लागतात. फरक एकच, आणि मला तो पुरेसा वाटतो: उद्या गोडोचे चालक बिघडले तरी आज उतरवून घेतलेली आवृत्ती आजच्या अटींवर तुमच्याकडे राहते. ती परत मागायला कुणी येऊ शकत नाही.

तेव्हा गेम अर्ध्यावर आला असेल आणि त्यातली उडी जमली असेल, तर तो आहे तिथंच पुरा करा. बदलायचं तर पुढच्या गेमचा फोल्डर उघडण्याआधी. आणि जे इंजिन आज वापरता, त्याच्या तुम्ही मान्य केलेल्या अटींची एक प्रत तारखेसकट आजच छापून घ्या आणि गेमच्या हिशेबाच्या फाइलीत लावून ठेवा.