कुलूप घराला, आळ कोणाला?

आषाढी जवळ आली की वळसंगसारख्या गावात घरोघरी एक प्रश्न निघतो. दिंडीला जायचे, घर बंद राहणार, मग पाटल्या-बोरमाळेचे काय? कोणी म्हणते, "विठ्ठल राखणारा आहे, चिंता कशाला?" बोलणे भक्तीचे वाटते. पण माउली, पंढरीत देवाचे स्वतःचे दागिनेही खजिन्यात कुलपात असतात, सणावारालाच अंगावर चढतात. तिथे कुलपाने देवावरचा भरवसा उणा होत नाही, तर आपल्या कपाटाच्या कुलपाने कसा होईल?

कुलूप सोने राखते, हे खरेच. संतचरित्रे मात्र त्याचे आणखी एक कारण दाखवतात. देवाचे पदक जनाबाईंच्या घरी सापडले म्हणून त्यांना सुळावर द्यायला नेले. देवाचा हार गळ्यात दिसला म्हणून चोखोबांना मार बसला. विजयनगरात त्याच कारणाने भानुदासांपुढे सूळ उभा राहिला. तिघांनीही काही चोरले नव्हते. आळ आला तो दासीवर, गावकुसाबाहेरच्यावर, परमुलखातून आलेल्यावर.

आजही दागिना दिसेनासा झाला की पहिली नजर धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे किंवा शेतावरच्या गड्याकडे वळते. चार दिवसांनी तो धान्याच्या कणगीत सापडतो. तोवर त्या बाईचे काम सुटलेले असते आणि गावभर नाव झालेले असते. हयगय आपली, शिक्षा तिला. म्हणून दागिने नीट ठेवणे हाही परपीडा टाळण्याचाच भाग आहे.

निघण्यापूर्वी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे लॉकरमधून चोरी झाली, तर वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत बँकेची जबाबदारी असते. आत काय आहे हे मात्र बँकेला ठाऊक नसते. म्हणून वजनासह यादी, पावत्या आणि फोटो आपल्यापाशी असावेत. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली नको. दिंडीचे फोटो परतल्यावर स्टेटसला टाकावेत. भरवशाच्या शेजाऱ्याला घराकडे लक्ष ठेवायला सांगावे.

एवढे करूनही चोरी झाली, तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. तपास पोलिसांचा, पुराव्यावाचून आपण कोणाचे नाव घेऊ नये. गेलेले सोने कष्टाने पुन्हा करता येते. निरपराध्याची गेलेली अब्रू कोणत्याही सोनाराकडे घडवून मिळत नाही.

रामकृष्णहरी.